दगडांची साक्ष आणि श्रद्धेचा पाया

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने आकाश व पृथ्वी यांची निर्मिती खेळ म्हणून नव्हे तर सत्यानिशी केली, आणि दरूद व सलाम असोत अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर व सहाबांवर.



महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. आपली मुले-मुली तो वाचतात, त्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहितात आणि घरी येऊन कधी उघडपणे, तर बहुधा मनातल्या मनात विचारतात की, वर्गात शिकवले ते खरे की मकतबमध्ये शिकवले ते? या प्रश्नाला सामोरे जाण्यापूर्वी, हाच प्रश्न आपल्याआधी ज्या ग्रंथधारकांसमोर उभा राहिला, त्या ख्रिस्ती समाजाचे काय झाले हे पाहणे हिताचे ठरेल. पूर्वीच्या समुदायांच्या वृत्तांतापासून बोध घ्यावा, ही दिव्य कुरआनची शिकवण आहे आणि बोध घेणाऱ्याने उपहास करायचा नसतो.

एक आकडा श्रद्धेचा भाग कसा बनला

सतराव्या शतकात आयर्लंडमध्ये जेम्स अशर नावाचे आर्चबिशप होऊन गेले. ते मोठे व्यासंगी होते. बायबलमधील वंशावळी, त्यांत दिलेली पूर्वजांची वये आणि प्राचीन राजांच्या कारकिर्दी यांचा मेळ घालून त्यांनी १६५० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, ऑक्टोबर महिन्यात झाला. त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांच्या आधारे केलेले ते एका विद्वानाचे गणित होते. पण १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही सालेही छापली जाऊ लागली. सामान्य वाचकाने समास आणि मजकूर यांत भेद केला नाही. माणसाची बेरीज ईश्वराच्या वचनाशेजारी बसली आणि हळूहळू त्याच आसनाची मानकरी झाली.

बंधु-भगिनींनो, पुढच्या साऱ्या दुःखाचे मूळ येथे आहे.

दगड बोलू लागले

१७८८ मध्ये जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या खडकांच्या थरांवरून दाखवून दिले की, झीज होणे, गाळ साचणे, त्याचा खडक बनणे आणि तो पुन्हा वर उचलला जाणे या क्रियांना अफाट काळ लागतो. १८३० पासून चार्ल्स लायल यांच्या ग्रंथाने हा विचार दृढ केला. विसाव्या शतकात किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासाचा ठरावीक वेग मोजून खडकांचे वय काढता येऊ लागले आणि १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणातील शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. ज्या सह्याद्रीच्या कुशीत आपण राहतो, त्याचा काळा पाषाणही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे. सहा हजार वर्षांच्या समासात हा एक डोंगरसुद्धा मावत नाही.

ही साक्ष धर्माच्या शत्रूंनी उभी केली, असा समज करून घेऊ नका. केंब्रिजचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ॲडम सेजविक हे स्वतः धर्मगुरू होते. खडकांवरचे गाळाचे विखुरलेले थर नूहच्या प्रलयाची खूण आहेत, असे ते आधी मानत. पुरावे तपासल्यावर १८३१ मध्ये त्यांनी लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून ते मत जाहीरपणे मागे घेतले. त्यांनी ना आपला देव सोडला, ना आपले धर्मगुरूपद. डार्विन यांचा उत्क्रांतीचा सिद्धांत मात्र त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. माणूस एका बाबतीत पुरावा मान्य करून दुसऱ्या बाबतीत साशंक राहू शकतो; प्रामाणिकपणाला एकाच वेळी सर्व निवाडे करण्याची सक्ती नसते.

तीन वाटा

या साक्षीपुढे ख्रिस्ती समाजात ठळकपणे तीन वाटा फुटल्या.

पहिली वाट फिलिप गॉस यांची. ते समुद्री जीवांचे निष्णात अभ्यासक आणि अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ होते. १८५७ मध्ये त्यांनी असे मांडले की, ईश्वराने पृथ्वी अलीकडेच निर्माण केली, पण तिला प्राचीनतेचे रूप देऊनच. पहिल्या झाडाच्या खोडात वर्तुळे होती आणि पहिल्या मानवाला नाभीही होती. या युक्तिवादाचे खंडन कोणत्याही पुराव्याने होऊ शकत नाही. तरीही तो ना वैज्ञानिकांना रुचला, ना भाविकांना. त्यांचे स्नेही आणि धर्मगुरू चार्ल्स किंग्जली यांची हरकत अशी होती की, ईश्वराने खडकांवर एवढे मोठे असत्य कोरून ठेवले, हे आपण मानू शकत नाही. विचार करा, ग्रंथाचा एक अर्थ वाचवण्यासाठी ग्रंथकर्त्याच्या सत्यनिष्ठेवरच आच आली! आपण मुस्लिम अल्लाहला ‘अल-हक्क’ या नावाने हाक मारतो. त्याच्या निर्मितीतील खुणा फसव्या असतील, तर त्यांना ‘आयात’ म्हणजे निशाण्या कशासाठी म्हणायचे?

दुसरी वाट पुरावाच नाकारण्याची. १९६१ मध्ये अमेरिकेत जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्री आणि हेन्री मॉरिस हे जलशास्त्राचे अभियंते या दोघांनी एक ग्रंथ लिहून प्रतिपादन केले की, गाळाच्या खडकांचे बहुतेक थर नूहच्या एका प्रलयातच साचले. त्यातून ‘सृष्टिविज्ञान’ नावाची चळवळ वाढली, तिच्या संस्था निघाल्या आणि शाळांतून ते शिकवावे म्हणून कायदे झाले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा असा कायदा रद्द ठरवला. याच वाटेवरचे कर्ट वाइज यांची हकीकत हृदय हेलावणारी आहे. तरुणपणी त्यांनी कात्री घेतली आणि उत्क्रांती खरी मानली तर बायबलमधील जी जी वचने गळतील असे वाटले, ती सारी कापून काढली. शेवटी उरलेला ग्रंथ हाती धरला, तर तो धड उचलताही येईना. पुढे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून जीवाश्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली; आणि विश्वातील सारे पुरावे विरुद्ध गेले तरी आपण याच मतावर राहू, असे लिहून ठेवले. त्या माणसाच्या निष्ठेबद्दल मला आदर वाटतो. पण मनात प्रश्न येतो की, त्या कोवळ्या हातांत ती कात्री कोणी दिली? दोहोंपैकी एकच निवड, तिसरा मार्ग नाही, हे त्या मुलाला कोणी शिकवले?

तिसरी वाट अर्थाकडे परतण्याची. सेंट ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच आपल्या लोकांना बजावले होते की, निसर्गाविषयी अज्ञानाचे बोल धर्मग्रंथाच्या नावाने बोलाल, तर जाणकार परधर्मीय तुमच्या परलोकाच्या गोष्टींवर तरी का विश्वास ठेवतील? कॅथलिक चर्चने १९५० मध्ये मानवी शरीराच्या उगमाविषयीच्या संशोधनाला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट ईश्वरनिर्मितच आहे हे निक्षून सांगितले. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे उत्क्रांती मानणारे श्रद्धावान ख्रिस्ती आहेत.

आणि या तीन वाटांशिवाय एक पायवाट होती, जिच्यावरून असंख्य तरुण मुकाट्याने निघून गेले. पृथ्वी सहा हजार वर्षांची नाही तर ईश्वरही नाही, हे समीकरण त्यांना नास्तिकांनी शिकवण्याआधी घरच्यांनीच शिकवले होते. नास्तिकाने फक्त त्याचा पूर्वार्ध सिद्ध करून दाखवला.

हसण्याची नव्हे, सावध होण्याची वेळ

हे वाचून एखाद्याच्या ओठांवर येईल की, ही त्यांच्या ग्रंथाची अडचण. आमच्या कुरआनात सृष्टीचे वय दिलेले नाही. हे खरे आहे. सहा दिवसांचा उल्लेख आहे, पण अल्लाहजवळील दिवस कोठे हजार, तर कोठे पन्नास हजार वर्षांचा सांगितला आहे. तरीही फुशारकी नको. मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे की, अशर यांच्याच काळात, १६१६ मध्ये, गोव्यात छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाने सृष्टीच्या निर्मितीची ती कथा आपल्या मायबोलीत ओवीबद्ध करून आणली. आपल्याकडेही त्याच कथांचे तपशील फार आधी येऊन बसले आहेत. इमाम तबरी (रह.) यांनी आपल्या इतिहासग्रंथात जगाचे आयुष्य सात हजार वर्षांचे असल्याची कथने नोंदवली आहेत. असे कथन म्हणजे कुरआन नव्हे. आपल्याही ग्रंथांना समास आहेत. समासाला मजकूर समजण्याची चूक आपल्या हातूनही होऊ शकते.

इतकेच नव्हे, आपण ती पाश्चात्त्य वाद्ये विकतही घेतली. १९६१ च्या त्या अमेरिकी चळवळीचे युक्तिवाद पुढे तुर्कस्तानात पोहोचले आणि २००६ नंतर ‘हारून याह्या’ या नावाने निघालेला सृष्टीचा एक भलामोठा सचित्र ग्रंथ जगभर फुकट वाटला गेला. त्यातील काही कीटकांची चित्रे प्रत्यक्षात मासे पकडण्याच्या नकली आमिषांची होती. पोलादी गळ चित्रात स्पष्ट दिसत होता! इस्लामच्या नावाने असे पुस्तक उघडणाऱ्या जाणकाराच्या मनात इस्लामविषयी काय आले असेल?

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच धोक्याची आहे. प्रत्येक नव्या शोधासाठी कुरआनातील एक आयत शोधायची आणि ‘बघा, विज्ञानाने आज सिद्ध केले’ म्हणून टाळ्या घ्यायच्या. ज्याला आज साक्षीदार म्हणून उभे केले, त्याने उद्या जबानी बदलली तर? कुरआन हा मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

प्रेषितांचा आदर्श

आदरणीय प्रेषित (सल्ल.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. इब्राहीमच्या मृत्यूमुळेच हे ग्रहण, असे लोक बोलू लागले. अनुयायांची श्रद्धा वाढवण्याची याहून सोपी संधी कोणती? नुसते मौन पाळले असते तरी पुरे होते. परंतु त्या शोकमग्न पित्याने लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या जन्मासाठी वा मृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही. मग त्यांनी लोकांना नमाज व दुआ करण्यास सांगितले. खोट्या आधारावर उभी राहणारी श्रद्धा त्यांनी नाकारली आणि खऱ्या आधाराकडे बोट दाखवले.

इमाम गझाली (रह.) यांनी हेच सूत्र पुढे नेले. ग्रहणाचे गणित ज्याने पडताळून पाहिले आहे, त्याला ‘हे धर्माविरुद्ध आहे’ असे सांगितल्यास तो गणितावर नव्हे, धर्मावर शंका घेईल. धर्मावर रीतसर हल्ला करणाऱ्यापेक्षा त्याचा बेरीत बचाव करणारा अधिक हानी करतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

मग हजरत आदम (अलै.) यांचे काय?

हा प्रश्न टाळणे म्हणजे मुलांना एकटे सोडणे होय. पृथ्वीचे वय, खडकांचे थर, वनस्पती व प्राण्यांच्या येण्याचा क्रम यांचा तपशील कुरआनने दिलेला नाही. उलट भूतलावर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहण्यास सांगितले आहे. येथे संशोधनाला आडकाठी नाही. हजरत आदम (अलै.) यांच्याविषयी मात्र कुरआनने स्पष्ट वृत्त दिले आहे: अल्लाहने त्यांना मातीपासून निर्माण केले, आणि हजरत ईसा (अलै.) यांचे उदाहरण त्यांच्यासारखेच आहे. यावर आपला ईमान आहे. पित्याविना झालेला हजरत ईसा (अलै.) यांचा जन्म जीवशास्त्राच्या सामान्य नियमांत बसत नाही, म्हणून आपण जीवशास्त्र खोटे म्हणत नाही आणि तो जन्मही नाकारत नाही. नियम घालणारा नियमांचा बंदी नसतो.

त्याच वेळी मानवी शरीर आणि इतर जीव यांच्या नात्याविषयी जीवाश्म व जनुके जे सांगतात, त्याची ‘माकडाची अवलाद’ म्हणून खिल्ली उडवू नका. ‘तो नुसता सिद्धांत आहे’ असेही म्हणू नका. विज्ञानात सिद्धांत म्हणजे कल्पना नव्हे, तर वारंवार तपासलेले स्पष्टीकरण. या पुराव्यांचा आणि आदम (अलै.) यांच्या वृत्ताचा मेळ कसा लावावा, याबाबत आजच्या आलिमांमध्ये चर्चा व मतभेद आहेत. आकाश व पृथ्वीच्या निर्मितीला आपल्यापैकी कोणीही साक्षी नव्हता, याचे स्मरण कुरआनच करून देतो. ज्याचे ज्ञान नाही तेथे थांबावे, हाही ईमानचाच भाग आहे.

म्हणून पालकांना विनंती की, मुलाने शंका विचारली तर त्याला गप्प करू नका; शंका विचारणारा मूल घरातच असतो, गप्प झालेला मूल मनाने दूर गेलेला असतो. मकतबच्या उस्तादांना विनंती की, आयत, हदीस, कथा आणि आपले मत यांतील भेद मुलांना प्रत्येक वेळी सांगा. विद्यार्थ्यांना विनंती की, जीवशास्त्र मन लावून शिका, उत्तरपत्रिकेत प्रामाणिकपणे लिहा आणि फजरच्या नमाजला उभे राहताना मनात अपराधीपणा आणू नका. आणि ख्रिस्ती शेजाऱ्याशी या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला, तर उत्तम रीतीनेच बोला. ग्रंथधारकांशी तसेच बोलण्याची आज्ञा आपल्याला आहे.

हे अल्लाह! आम्हाला वस्तू जशा आहेत तशा दाखव. आमच्या मुलांच्या हाती कात्री नव्हे, दिवा दे. आमच्या अज्ञानामुळे तुझ्या दीनला उणेपणा येऊ देऊ नकोस आणि आमच्या ज्ञानामुळे आम्हाला गर्व होऊ देऊ नकोस. आमीन.