अप्रमाद आणि चापावरचे बोट

शस्त्र बाळगणाऱ्याला अहिंसा पाळता येते का, हा प्रश्न नागपुरात १९२७ साली रस्त्यावर आला. मंचरशा आवारी यांनी १८७८च्या शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला आणि सत्याग्रही तलवारी घेऊन निघाले. गांधीजींनी त्याला संमती दिली नाही. शस्त्र हाती घेऊन केलेला कायदेभंग त्यांना अहिंसेशी विसंगत वाटला.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक करतात. जैन विचारही गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी (ठरवून केलेली) हिंसा आणि विरोधी (बचावासाठी केलेली) हिंसा वेगळ्या धरतो. मात्र तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आणून ठेवला आहे. गोळी सुटण्याच्या कितीतरी आधीच दोष घडलेला असू शकतो, हा त्याचा अर्थ फार मोलाचा आहे.

बंदुकीच्या बाबतीत प्रमाद म्हणजे काय, हे नेमबाजीच्या पहिल्याच धड्यात कळते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरावे. नळी कधीही माणसाकडे वळू नये. नेम धरून निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर असावे. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे कोण आहे, हे आधी ओळखावे. कारण गोळी भिंतीपलीकडच्या मुलालाही लागू शकते. घरात बंदूक कुलपात राहावी. भीतीने मूठ आपोआप आवळली जाते, विचार मागे पडतो आणि हात सवयीचेच करतो. म्हणून शांत वेळी, रिकाम्या बंदुकीने, चाप सावकाश दाबण्याचा शेकडो वेळा केलेला सराव ही केवळ कसरत ठरत नाही. बौद्ध परंपरेत शीलही असेच, पुन्हा पुन्हा आचरून अंगी बाणवले जाते.

कायद्याची अपेक्षा याहून फार वेगळी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर बचावाचा हा हक्क उरत नाही. हल्लेखोराने पाठ फिरवली, धोका टळला, की बोट चापावरून निघाले पाहिजे. गोळी झाडण्याइतकाच या थांबण्याचाही सराव लागतो, आणि तो अधिक कठीण असतो.