नंबर कोणासाठीं?

मिरज स्टेशनाकडून बाजाराकडे जातांना हल्लीं डोळ्यांना एक चमत्कारिक वाचन घडतें. पुढें चाललेल्या मोटारसायकलीस सरकारनें ४१४१ हा अंक दिलेला असतो. परंतु पाहणारास अंक दिसत नाहीं, 'दादा' हा शब्द दिसतो. मराठी चाराला जरा वळण दिलें व एकाचा काना केला, कीं काम झालें. दुसरा कोणी आठ, शून्य, पांच, पांच हे इंग्रजी अंक असे रंगवितो कीं त्यांचा 'बॉस' व्हावा. कोणाच्या पाटीवर आडनांव मोठें व नंबर बारीक असतो. कोणाच्या पाटीवर जातीचें नांव अगर पुढाऱ्याचें चित्र असतें. आमच्या मंडळ्यांतील तरुण ह्यांत मागें आहेत असें कोणीं समजूं नये. त्यांच्या पाट्यांवर अंकांमध्यें खोंचलेला क्रूस आम्हीं पाहिला आहे.

"ह्यांत वाईट तें काय?" असें ते विचारतात. "गाडी आमची, पैसा आमचा, हौस आमची. कोणाचें कांहीं चोरलें नाहीं, कोणास मारलें नाहीं." हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं, आणि विचारणारांस दोष लावण्यापूर्वीं आम्हीं आपला दोष कबूल केला पाहिजे. गेल्या वर्षीं एका तरुणानें नवी मोटारसायकल घेतली व त्याच्या आईनें आम्हांस समर्पणाच्या प्रार्थनेसाठीं बोलाविलें. विक्रेत्यानें बसविलेली पाटी काढून त्यानें रंगविलेली पाटी लाविली होती. ती आमच्या अगदीं समोर होती. तिच्यावरील 'दादा' वाचून आम्ही हंसलों, हार घातलेल्या गाडीवर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला व घरीं आलों.

पुढें थोड्याच महिन्यांनीं आमच्या एका खेड्यांतील मंडळीची एक वयस्क भगिनी द्राक्षबागेंतील मजुरी आटोपून मिरज-पंढरपूर रस्त्याच्या कडेनें घरीं परतत होती. तिन्हीसांजेस मागून आलेल्या एका मोटारसायकलीनें तिला पाडलें व स्वार न थांबतां निघून गेला. तिच्या मांडीचें हाड मोडलें. पाहणारे दोघे होते. शेळ्या घेऊन चाललेला एक मुलगा म्हणाला, "पाटीवर दादा लिहिलें होतें." अथणीकडील एक कानडी ट्रकवाला म्हणाला, "आठ, नऊ, आठ, नऊ." दोघेही खरें बोलत होते. आपला मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो, व आपला एक हा इंग्रजी नवासारखा. परंतु ह्या दोन खऱ्या साक्षींतून एक गाडी कांहीं सांपडली नाहीं.

ह्याची किंमत काय होते तें वाचकांनीं पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें प्रत्येक गाडीचा तिऱ्हाइताच्या नुकसानीबद्दल विमा उतरविणें सक्तीचें आहे. गाडी सांपडली तर जखमी मनुष्य मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें जाऊं शकतो. तेथें त्याचें वय, त्याची कमाई, औषधोपचाराचा खर्च व राहिलेलें व्यंग हें सर्व पाहून भरपाई ठरते. गाडी न सांपडल्यास सरकारी योजनेंतून ठराविक रक्कम तेवढी मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये आहे. त्यापूर्वीं ती अनुक्रमें २५ हजार व १२,५०० रुपये होती. ५० हजार हा आंकडा लहान नव्हे. परंतु जी बाई पुन्हां दिवसभर बागेंत उभी राहूं शकणार नाहीं, तिच्या उरलेल्या आयुष्याचा तो हिशेब नव्हे.

मग नंबर आहे तरी कोणासाठीं? पूर्वीं गांवांत गाडीला नंबर लागत नसे. बैलगाडी कोणाची हें बैलांच्या शिंगांवरून पोरांनाही कळे. आणि गाडीवानानें कोणास दुखविलें तरी सायंकाळीं त्याला त्याच वेशींतून आंत यावें लागे. मोटारीनें ही ओळख मोडली. मनुष्य क्षणांत येतो, इजा करितो, आणि दुसऱ्या क्षणीं पुढच्या तालुक्याच्या वाटेस लागतो. म्हणून पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ सालीं गाडीवर ओळखीची पाटी लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडांत १९०३ सालीं कायदा होऊन १ जानेवारी १९०४ पासून नंबर आवश्यक झाले. आणि १९१४ सालीं सबंध हिंदुस्थानासाठीं मोटारींचा कायदा झाला. ह्या सर्वांच्या मुळाशीं एक विचार आहे. जो धुळींत मागें राहिला, त्याच्या हातीं कांहींतरी उरलें पाहिजे. नांव आपलें असतें; तें आपण मिरवावें. परंतु गाडी चालविणारा स्वतःची पाटी कधींच पाहत नाहीं. ती मागच्या माणसासाठीं आहे. नंबर हा मालकाचा दागिना नसून अनोळखी माणसाचा हक्क आहे.

कोणी म्हणेल, "आम्हीं ह्या नंबराचे पैसे भरले आहेत." खरें आहे. पसंतीचा नंबर सरकार शुल्क घेऊन देतें. ऑगस्ट २०२४ मध्यें महाराष्ट्रांत हे दर वाढले, आणि ०००१ हा अंक चारचाकीसाठीं घेणारास लाखांनीं रुपये मोजावे लागतात. त्यांत उधळपट्टी असेल, बेकायदेशीर कांहीं नाहीं. पण पैसे अंकाचे दिले. अंक मोडण्याचा परवाना कोणीं विकला नाहीं. शेताचा सातबारा आपल्या नांवें असला, म्हणून हद्दीचा दगड हालविण्याचा अधिकार येत नाहीं.

दुसरा म्हणेल, "आमच्या भाषेचे अंक लिहिले तर काय बिघडलें?" हा आक्षेप आम्हांस जड जातो, कारण मराठीवर आमचें प्रेम आहे. परंतु मिरजेस कर्नाटकाची हद्द लागून आहे. बेळगांव, अथणी, चिकोडी येथील माणसें रोज येथें दवाखान्यांत येतात. आणि आमच्या गाड्या त्यांच्या गांवांतून जातात. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय नियमांनीं इंग्रजी अक्षरें व इंग्रजी अंक ठरविले. मोटारीच्या पाटीवर ते ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, व मध्यें १० मिलिमीटर जागा सोडून असावेत असें मापही घातलें. परक्याला वाचतां यावें म्हणून थोडें वांकणें हा भाषेचा अपमान नव्हे, शेजारधर्म आहे.

तिसरा म्हणेल, "नीट पाहिलें तर नंबर वाचतां येतोच." नीट पाहण्यास सवड कोणाला असते? चौकांत उभ्या असलेल्या मित्राला. रस्त्यावर पडलेल्याला नव्हे. शिवाय चुकीचें वाचन वाऱ्यावर जात नाहीं. खरोखरच तो दुसरा नंबर असलेला कोणी निरपराध मनुष्य चौकशींत सांपडतो, नाहींतर दंडाची नोटीस त्याच्या घरीं जाते.

सरकारनें ह्यावर उपाय योजिला आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना अशोकचक्राची चकाकती खूण, कोरलेला क्रमांक व एकदां तोडलें कीं पुन्हां न बसणारें कुलूप अशी पाटी लागते. महाराष्ट्रांतील जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, आणि २०२५ सालीं तिची मुदत पुन्हां पुन्हां वाढवावी लागली. परंतु तें कुलूप तोडून पाटी घरांत ठेवणारे आहेतच. जोंवर आपण ओळखलें जावें पण सांपडूं नये ही इच्छा मनांत आहे, तोंवर कुलूप काय करील?

'दादा' हा शब्द किती चांगला आहे! धाकट्यांनीं केलेली खोडी जो आपल्या अंगावर घेतो, बाप नसतां जो घराबद्दल जबाब देतो, तो दादा. त्याच शब्दाखालीं आपला जबाब लपविणें ही त्या शब्दाचीच विटंबना होय. आणि अंकांत खोंचलेल्या क्रुसाविषयीं आम्ही इतकेंच म्हणतों, कीं तो तेथून काढावा व चालविणाराच्या वागणुकींत दिसूं द्यावा.

आम्ही त्या तरुणाकडे पुन्हां गेलों. तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या गाडीनें त्यांना पाडलें असें आपणांस वाटतें काय?" आम्ही म्हणालों, "नाहीं, बाळ. पण तुझ्या गाडीनें पाडलें असतें, तरी त्या दोन साक्षीदारांनीं हेंच सांगितलें असतें." तो बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग घरांत जाऊन त्यानें जुनी पाटी बाहेर आणिली. तिचें कुलूप तुटलें होतें. नव्यासाठीं त्याला अर्ज करावा लागला.

तेव्हांपासून आम्हीं एक नेम केला आहे, तो इतर पाळकांनींही करून पाहावा. नव्या गाडीसाठीं प्रार्थनेस बोलावणें आलें, कीं प्रथम घरांतील लहान मुलास दहा पावलें दूर उभें करावें व नंबर मोठ्यानें वाचावयास सांगावें. त्याला तो वाचतां आला, म्हणजे मग डोळे मिटावे.