जुने पोचे, नवे पोचे

गेल्या आषाढात एका पावसाळी दुपारी माझ्या दारात एक लांबट खोके येऊन पडले. 'पडले' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण ज्या माणसाने ते आणले त्याने ते ठेवले नाही, टाकले. आत एक जुना सॅक्सोफोन होता. माझ्या थोरल्या नातवाला या वाद्याचे वेड लागले आहे आणि नव्या वाद्याची किंमत निवृत्त शिक्षकाला झेपणारी नाही. म्हणून गोव्यातल्या सासष्टीच्या एका घरातून तो मी विकत घेतला होता. घरातले वादक दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि त्यांच्या मुलीने वाद्य विकायला काढले होते.

खोके उघडले आणि नातवाचा चेहरा उतरला. वाद्याचे कर्ण्यासारखे रुंद तोंड एका बाजूला कलले होते आणि त्याच्या चाव्यांवरची पितळी कडी आत दबली होती. त्याने फुंकून पाहिले. वरचे सूर कसेबसे आले; खालचा एकही सूर बोलेना.

माझा राग अनावर झाला. त्याच रात्री मी दोन कागद लिहिले. पहिला त्या मुलीला. 'वडिलांची वस्तू इतक्या निष्काळजीपणे पाठवताना तुम्हाला काहीच वाटले नाही काय?' असे एक वाक्य त्यात होते, आणि त्या वेळी ते मला फार समर्पक वाटले होते. दुसरा कागद म्हणजे वाहतूक कंपनीचा नुकसानभरपाईचा अर्ज. त्यात विचारले होते, 'पाठवण्यापूर्वी वस्तू सुस्थितीत होती काय?' मी बेधडक 'होय' लिहिले. पत्र सकाळी पेटीत टाकले. अर्जाला दुरुस्तीच्या खर्चाचे पत्रक जोडायचे होते, म्हणून तो राहिला.

हे वाद्य मोठे चमत्कारिक आहे. बेल्जियममधल्या दिनां या गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने ते घडवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग सगळे पितळेचे. पण आवाज निघतो तो वेताच्या एका पातळ पट्टीच्या थरथरीतून. म्हणून जाणकार त्याला पितळी वाद्यांत धरीत नाहीत, बासरी-क्लॅरिनेटच्या पंगतीला बसवतात. आपल्याकडे मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांनी हिंदी चित्रपटगीतांत त्याला घरोघर पोचवले, तर कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी त्याच्यातून कर्नाटक संगीत काढून दाखवले. आणि गोव्याशी तर त्याचे नाते जुनेच. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवीत. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोट भरीत.

दुरुस्तीसाठी मला एक तात्या भेटले. चाळीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये काढलेले हे गृहस्थ पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीपासून थोड्या अंतरावर राहतात. तांबट आळीत पितळ-तांब्यावर मठारकाम चालते. हातोडीच्या शेकडो सारख्या ठोक्यांनी भांडे चमकते आणि बळकटही होते. तोच धातू, तोच मार. पण मारणाऱ्याला मारायचे कुठे हे ठाऊक असले की घडण होते, नसले की पोचा पडतो.

तात्यांनी खिडकी लावून घेतली आणि दिवाळीत दाराला लावतात तसली बारीक दिव्यांची माळ वाद्याच्या नळीत सोडली.

"आता बघा सर," ते म्हणाले, "जिथून उजेड येईल, तिथून सूर पळतो."

या नळीला वीसहून अधिक भोके असतात आणि प्रत्येकावर कातडे मढवलेले मऊ झाकण असते. तात्या एकेक चावी हलकेच दाबीत गेले. खाली, वाकलेल्या तोंडाजवळ, दोन झाकणांखालून उजेडाच्या रुंद चिरा निघाल्या. त्या मला अपेक्षितच होत्या. पण बरीच वर, मधल्या एका झाकणाखालीही केसाएवढी उजळ रेघ दिसली.

"ही फट रस्त्यात पडलेली नाही," तात्या म्हणाले. "हिचं कातडं बघा, दगड झालंय. चावीचा दांडा बोटाच्या जोरानं वाकलाय. वरचा शिंपला झिजून खळगा पडलाय. हा माणूस वर्षानुवर्षं फट दाबून वाजवीत होता."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून अजून जात नाही. या वाद्यात वरच्या एका झाकणाखाली फट राहिली, की तिच्या खालचे सगळे सूर अडखळतात. दोष एका जागी, तक्रार भलत्याच जागी.

खोक्यातून त्यांनी बुचांचे काप आणि एक जुना लोकरी कोट बाहेर काढला. कापांवर चाव्यांचे ठसे होते. त्या हलू नयेत म्हणून ते खाली सारलेले होते. खोके उघडताना मीच ते कचरा समजून बाजूला केले होते. "ज्यानं बांधलंय त्याला वाद्य कळतं," तात्या म्हणाले. "पण खोकं उंचावरून टाकल्यावर बुचं बिचारी काय करणार?"

त्या मुलीला लिहिलेले माझे समर्पक वाक्य मला आठवले आणि मान वर करवेना.

तात्यांनी हिशेब सांगितला. रस्त्यात झालेल्या मोडतोडीचे दोन हजार, जुन्या दुखण्याचे तीन हजार. "पत्रक एकत्रच करून देऊ का?" त्यांनी विचारले. "सगळे तसंच घेतात." मी 'उद्या सांगतो' म्हणून घरी आलो. माणूस 'उद्या सांगतो' म्हणतो तेव्हा बहुधा त्याला उत्तर आजच ठाऊक असते.

रात्री मी पत्नीपुढे माझी बाजू मांडली: कंपनी बेफिकीर आहे, तिला हिसका बसलाच पाहिजे, तीन हजारांनी तिचे काय जाते? तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आणि त्या मुलीलाही हिसकाच द्यायचा होता का?"

इथे मला या प्रश्नाची खरी गाठ दिसली. आपला राग हिशेबात कच्चा असतो. समोर जो शेवटचा सापडतो, त्याच्या खात्यावर तो सगळी जुनी थकबाकी टाकतो. घरात नवी सून येते आणि वीस वर्षांच्या धुसफुशीचे खापर तिच्यावर फुटते. शाळेत नवा मुख्याध्यापक येतो आणि आधीच्या तिघांचा आळस त्याच्या नावे लागतो. त्याने काही चूक केलेली नसते असे नाही. पण त्याच्या दोन हजारांच्या चुकीचे आपण पाच हजार वसूल करतो आणि त्यालाच न्याय म्हणतो.

उलट, ज्याच्या हाती वस्तू आली तो म्हणतो, 'हे पोचे जुने आहेत, माझा काय संबंध?' हेही खरेच असते. आणि या खरेपणाच्या आधारावर किती भिंती कोसळेपर्यंत तशाच राहतात! भावाभावांच्या वाड्यात गळणारे छप्पर कुणाच्या वेळेपासून गळते याचा वाद चालतो आणि पाऊस काही निकालासाठी थांबत नाही.

'मज्झिम निकाया'त बुद्धाने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, कुठल्या गावचा, उंच की ठेंगणा, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. तो मरेल, पण त्याला उत्तर मिळणार नाही. सॅक्सोफोन पुढ्यात घेऊन बसलो असता मला हा दृष्टान्त फार पटला. तरी तो माझ्या प्रश्नाला पुरता लागू पडेना. कारण बाण काढल्यावरही 'मारला कुणी' हे विचारावेच लागते. नाहीतर उद्या दुसऱ्याला लागेल. क्षमेच्या नावाखाली कंपनीला सोडून देणे म्हणजे पुढच्या माणसाचे खोके आपल्या हाताने खाली टाकणे होय.

मला वाटते, प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकाच पत्रकात लिहितो हीच चूक. दोष कुणाचा, याचे उत्तर मागे बघून, नेमके, पैपैचे द्यावे. एकाचा दुसऱ्यावर टाकू नये. दुरुस्ती कुणाची, याचे उत्तर मात्र एकच असते: वस्तू आज ज्याच्या हाती आहे त्याची.

दुसऱ्या दिवशी मी अर्जातले 'होय' खोडले आणि दोन हजारांचेच पत्रक जोडले. तीन हजार पेन्शनमधून दिले. ते देताना फार थोर वाटले असे म्हणणार नाही. चांगलेच जड गेले.

तात्यांनी नळीत पोलादी गोळा सरकवून बाहेरून घासत पोचे उठवले, तुटलेल्या जोडाला डाख दिला, झाकणांचे कातडे बदलले. एक जुना पोचा मात्र राहू दिला. "इथलं पितळ आधीच एकदा वाकवून सरळ केलंय," ते म्हणाले. "पुन्हा छेडलं तर तडकेल. आणि सुराला याचा त्रास नाही. त्रास आहे तो नुसता डोळ्याला." सगळेच पोचे काढायचे नसतात, हे मला त्या दिवशी कळले.

गोव्याला मी दुसरे पत्र लिहिले. क्षमा मागितली, बुचांच्या कापांबद्दल आभार मानले आणि त्या मधल्या फटीची हकीगत कळवली. पंधरा दिवसांनी उत्तर आले. रुसवा नव्हता. शेवटी लिहिले होते: 'पप्पांचं ते बोट शेवटची काही वर्षं फार दुखायचं. आम्हाला वाटायचं, वयामुळे असेल. म्हणून मी तेल चोळायची.'

मी ते पत्र दोनदा वाचले. ऐकणाऱ्यांना सूर तेवढा ऐकू गेला. बोटाचा जोर कुणाला दिसला नाही. आपल्या घरांतूनही कुणी ना कुणी अशी एखादी जुनी फट बोटाने दाबून धरलेली असते, आणि खालचे सगळे सूर त्या बोटावर चाललेले असतात.

कंपनीचे दोन हजार तीन महिन्यांनी आले. नातू आता रोज संध्याकाळी वाजवायला बसतो. सुरुवातीला तोही चाव्या जोराने दाबी. तात्यांनी त्याला सांगितले, "बाळ, हलक्या हातानं. आता दाबायची गरज नाही."