‘आपला’ म्हणण्याचा अधिकार

कोणी मनुष्य कर्तृत्वाने नावारूपास आला, की त्यास ‘आपला’ म्हणणारी माणसे चहूंकडून पुढे येतात. त्याचे गाव, त्याची ज्ञाती, त्याची भाषा, त्याच्या आजोळची मंडळी, सर्वांनाच त्याच्या यशाचा एकेक वाटा हवा असतो. हा वाटा मागण्याचा आपणांस अधिकार कोणता, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. श्रम त्याचे, अपयश आले असते तर तेही त्याचे एकट्याचेच. मग अभिमान तेवढा आपला कसा? या प्रश्नाचा विचार एका दूरदेशीच्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. कारण दूरच्या उदाहरणात रागलोभ आड येत नाहीत आणि न्याय करणे सोपे जाते.

रेमंड टाउनसेंड हा निवृत्त झालेला एक धंदेवाईक बास्केटबॉलपटू. जन्म १९५५ सालचा, कॅलिफोर्नियातील सॅन होझे या शहरी. वडील अमेरिकन, आई फिलिपाइन्समधील बटांगास प्रांताच्या बालायान गावची. लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात तो जॉन वुडन या विख्यात प्रशिक्षकाच्या संघात होता. १९७५ साली त्या संघाने केंटकीला ९२ विरुद्ध ८५ गुणांनी हरवून विद्यापीठांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले; वुडन यांचे ते दहावे आणि अखेरचे अजिंक्यपद. १९७८ साली ‘गोल्डन स्टेट वॉरियर्स’ या संघाने पहिल्याच फेरीत, बाविसाव्या क्रमांकाने, त्याची निवड केली. तेथे दोन हंगाम आणि पुढे १९८१-८२ मध्ये ‘इंडियाना पेसर्स’ संघात एक हंगाम, एवढीच त्याची अमेरिकेच्या सर्वोच्च साखळीतील कारकीर्द. थोर खेळाडूंच्या पंक्तीत त्यास कोणी बसविणार नाही. परंतु त्या साखळीत खेळलेला फिलिपिनो रक्ताचा तो पहिला मनुष्य होता. आणि दुसरा, जॉर्डन क्लार्कसन, येण्यास २०१४ साल उजाडावे लागले. मधली छत्तीस वर्षे एका अवघ्या राष्ट्राच्या अभिमानाचा भार या एका सामान्य कारकिर्दीवर होता.

हा भार किती होता हे समजण्यास त्या देशातील या खेळाचे स्थान ध्यानी घ्यावे लागते. १८९८ साली स्पेनकडून दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने ती बेटे घेतली आणि शाळांतून हा खेळ तेथे रुजविला. आज तेथे गल्लोगल्ली त्याची टोपली टांगलेली दिसते. १९५४ साली फिलिपाइन्सने जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकाविला. १९७५ साली आशियातील पहिली धंदेवाईक साखळी तेथेच स्थापन झाली. राज्यकर्त्यांकडून शिकलेल्या खेळात राज्यकर्त्यांच्याच अंगणात आपल्यापैकी कोणी उभा राहावा, ही इच्छा अशा लोकांस होणे स्वाभाविक आहे.

पण ‘आपल्यापैकी’ म्हणजे कोण? येथे कायदा काय म्हणत होता ते पाहणे उद्बोधक ठरते. फिलिपाइन्सच्या १९३५ च्या राज्यघटनेनुसार पिता नागरिक असेल तर अपत्य आपोआप नागरिक होई. केवळ माता नागरिक असेल, तर त्या अपत्याने सज्ञान झाल्यावर आपण होऊन त्या नागरिकत्वाची निवड करावयाची असे. म्हणजे १९५५ साली फिलिपिनो मातेच्या पोटी व परकीय पित्यापासून जन्मलेले मूल कायद्याच्या दृष्टीने उंबरठ्यावरचे होते. १९७३ च्या घटनेने माता व पिता यांस सारखेच लेखिले. पण ती सुधारणा पुढे जन्मणाऱ्यांसाठी. ज्या समाजाने या खेळाडूस एकमुखाने आपला म्हटले, त्याच समाजाच्या कायद्याने लेकीच्या मुलास कित्येक वर्षे घरात सहज येऊ दिले नव्हते.

दुसऱ्या बाजूचा कायदाही काही उदार नव्हता. १९३३ साली कॅलिफोर्नियाने फिलिपिनो व गोरे यांच्यातील विवाह बेकायदा ठरविले. ते बंधन पडले १९४८ साली, पेरेझ विरुद्ध शार्प या खटल्याच्या निकालाने. अमेरिकेचे नागरिकत्व मागण्याचा हक्क फिलिपिनो व हिंदी या दोघांनाही एकाच कायद्याने मिळाला, तो २ जुलै १९४६ रोजी. त्यापूर्वी, १९२३ साली, भगतसिंग थिंड यांस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले होते. जेथे एका पिढीचा एवढा अवमान झाला, तेथे पुढच्या पिढीतील एखाद्याचे नाव धरून लोक ताठ मानेने चालू लागले, तर त्यांस हसणे निर्दयपणाचे होईल. अवमानितांचा अभिमान हा पुष्कळदा त्यांचा औषधोपचार असतो. एवढे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

तो प्रश्न आपल्याकडे महाभारतकारांनी फार पूर्वी विचारून ठेविला आहे. रंगभूमीवर कर्णास कुळ विचारले गेले तेव्हा कुंती तेथेच होती; ती मूर्च्छित झाली, पण बोलली नाही. युद्धाच्या आदल्या दिवसांत मात्र ती गंगातीरी त्याच्याकडे गेली आणि ‘तू माझा’ म्हणाली. तिचे म्हणणे असत्य नव्हते. त्यापूर्वी कृष्णानेही कर्णास शास्त्र सांगितलेच होते, की कन्यावस्थेत झालेला पुत्र तिच्या पुढील पतीचाच मानला जातो. सबब तू धर्मतः पांडव आहेस. निव्वळ कायद्याने पाहता हा युक्तिवाद बिनतोड होता. कर्णाने तो खोडून काढला नाही. त्याने फक्त राधेचे दूध आणि अधिरथाने केलेले संस्कार यांची आठवण दिली. जन्म हा एक पुरावा खरा. पण ज्याने वाढविले, ज्याने संकटात ओळख दिली, त्याचा पुरावा अधिक वजनाचा, हे त्याच्या उत्तराचे सार. कुंतीचा दावा नात्याने खरा होता, पण कर्तव्याने मुदतबाह्य झाला होता.

विधिशास्त्रात एक जुने तत्त्व आहे: ज्याने लाभ घ्यावा त्यानेच भारही वाहावा. अभिमानासही हेच तत्त्व लावावे असे माझे मत आहे. कोणास ‘आपला’ म्हणणे हा केवळ उद्गार नव्हे. ते एक प्रकारचे वचन आहे. यशाच्या दिवशी ज्यास आपण आपला म्हटले, त्यास, आणि त्याच्याच सारखा जन्म असलेल्या पण नाव न झालेल्या शेकडो जणांस, पडत्या काळात परके म्हणण्याचा अधिकार आपण त्याच क्षणी गमावितो.

आता हे उदाहरण आपल्या घराजवळ आणू. ज्या १९५५ साली हा खेळाडू जन्मला, त्याच साली भारताचा नागरिकत्व कायदा झाला. आणि त्यानेही परदेशी जन्मलेल्या अपत्यास वंशाने नागरिकत्व दिले ते केवळ पित्याच्या बाजूने. मातेस तो मान मिळण्यास १९९२ ची दुरुस्ती यावी लागली. फिलिपाइन्सला नावे ठेवण्याची सोय आपणांस उरत नाही. गोव्यातील देवस्थानांची महाजनकीही, जिला पोर्तुगीज राजवटीत १९३३ च्या नियमावलीने कायद्याची चौकट मिळाली, बहुतेक ठिकाणी पुरुषवंशपरंपरेनेच चालत आली आहे. देवस्थानाची मालमत्ता व कारभार यांची परंपरा कशी असावी हा निराळा विषय. त्यात व्यवस्थेच्या अडचणी आहेत आणि त्यांचा निर्णय रीतसर मार्गानेच व्हावा. मी बोलतो आहे ते मनाच्या महाजनकीविषयी. तिची नोंदवही आपल्याच हाती आहे.

या नोंदवहीत आपण काय लिहितो? परज्ञातीत वा परदेशी विवाह केलेल्या लेकीचा मुलगा कोठे मोठा शास्त्रज्ञ वा खेळाडू झाला, की त्याच्या आजोळचे कुलदैवत आपण अभिमानाने सांगतो. त्याच लेकीचा दुसरा मुलगा, ज्याचे नाव कोठे छापून आले नाही, जत्रेच्या दिवशी सभामंडपात येऊन उभा राहिला, तर ‘हा कोणाचा?’ म्हणून त्याच्याकडे पाहतो. दोन्ही मुलांचे रक्त एकच. फरक पडला तो कीर्तीचा. म्हणजे आपण नात्याचा अभिमान धरीत नव्हतो. कीर्तीचा धरीत होतो, आणि नाते हे तिच्यापर्यंत पोचण्याची शिडी म्हणून वापरीत होतो.

कोणी म्हणेल, सीमा नसली तर समाज राहील कसा? सीमा हवीच. पण आमच्या समाजाने स्थलांतराचा धडा स्वतः देवांकडून घेतला आहे. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. भक्त त्याहूनही दूर, कारवार, मंगळूर, बेळगाव, इंदूरपर्यंत पांगले. तरी कोणी म्हटले नाही, की मूळ जागा सुटली म्हणून देव आपला उरला नाही, किंवा भक्त देवाचा उरला नाही. स्थान सुटले तरी संबंध राहिला, कारण तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला. समाजाची खरी सीमा हीच: जो संबंध पाळतो तो आत.

टाउनसेंडच्या नंतर कायदे पुष्कळ सैल झाले. २००३ साली फिलिपाइन्सने परदेशी गेलेल्या आपल्या जन्मसिद्ध नागरिकांस दुहेरी नागरिकत्वाची वाट मोकळी केली. तरीही २०२३ च्या विश्वचषकात मनिलाच्या प्रेक्षकांपुढे क्लार्कसन खेळला तो नियमाप्रमाणे ‘नागरिकत्व दिलेला परदेशी’ या एकमेव राखीव जागेवर. कारण सोळा वर्षांचा होण्यापूर्वी त्या देशाचे पारपत्र ज्याच्याजवळ नसेल, त्यास आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच वर्गात टाकतो. टाळ्या वाजविणाऱ्यांनी मात्र त्यास घरचाच मानले. कागद आणि हृदय यांचा मेळ अजून बसावयाचा आहे.

तो बसविण्याचे काम कायद्यापेक्षा समाजाचे अधिक आहे. कायदा दार उघडू शकतो. ‘ये, बस’ म्हणणे माणसालाच म्हणावे लागते. कीर्तिमंतास ते म्हणण्यात पुण्य नाही, कारण त्यास आसन देणारे पुष्कळ असतात. ज्यास कोणी ओळखीत नाही, त्या लेकीच्या मुलास जो ते प्रथम म्हणेल, त्यालाच दुसऱ्या मुलाच्या कीर्तीचा अभिमान धरण्याचा अधिकार पोचतो.