बक्षिसी की मजुरी?

अमेरिकेत उपाहारगृहातील जेवण आटोपले की बिलाच्या कागदावर एक रिकामी ओळ आपली वाट पाहत असते. वाढणाऱ्याला द्यावयाच्या बक्षिसीचा आकडा तिच्यावर आपण स्वहस्ते लिहावयाचा. कायद्याने ती कोरी ठेवता येते. रूढीने मात्र तेथे बिलाच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम लिहिलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी पुतण्याकडे गेलो असताना मी ती कोरी ठेवली. विसरून नव्हे, विचारपूर्वक. जे सक्तीने घेतले जाते ते दान नव्हे, आणि मजुरी देणे हे मालकाचे कर्तव्य, गिऱ्हाइकाचे नव्हे, असा माझा युक्तिवाद होता. सेमिनरीत शिकलेले तर्कशास्त्र अशा वेळी मोठ्या उत्साहाने मदतीला धावते. पुतण्या काही बोलला नाही. दाराबाहेर आल्यावर "काका, गाडीपाशी थांबा, मी आलोच" म्हणत तो आत परतला आणि टेबलावर काही नोटा ठेवून आला.

वाटेत त्याने सांगितले ते मला ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. परंतु बक्षिसी मिळवणाऱ्या नोकराला मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी भागते, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले गिऱ्हाइकाने भरावे. न भरल्यास तूट मालकाने सोसावी, असे कायदा म्हणतो खरा. पण ज्याच्या मर्जीवर उद्याची पाळी अवलंबून, त्याच्याकडे वाढणाऱ्या बाईने ती कोणत्या तोंडाने मागावी? कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांनी ही सवलत नाकारली आहे, एवढेच.

वस्तुतः ही चाल युरोपातून तेथे गेली. एके काळी लोकशाहीला न शोभणारी म्हणून तिच्यावर टीका होई. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने तिच्यावर बंदीही घातली होती. ती रुजली त्यामागील एक कारण लज्जास्पद आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आगगाडीच्या शयनयानांत सेवक म्हणून घेतले, ते तुटपुंज्या पगारावर. पोटाची भिस्त प्रवाशांच्या लहरीवर.

उलट जपानमध्ये टेबलावर जादा पैसे ठेवले, तर आपण ते विसरलो असे समजून वाढपी परत करावयास मागे धावतो. फ्रान्समध्ये सेवेचे मोल बिलातच धरलेले असते. तेथील वाढपी हसून बोलत नाहीत, अशी अमेरिकन प्रवाशांची तक्रार असते. मला आता त्या न हसण्याविषयी आदर वाटतो. ज्याची मजुरी ठरलेली आहे त्यालाच न हसण्याची मुभा असते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो न्यायाच्या नावे, दयेच्या नव्हे. तेव्हा माझा सिद्धान्त चुकीचा नव्हता. मात्र त्याची किंमत मी त्या बाईच्या पदरातून चुकवली होती. मालकाला माझ्या निषेधाचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या बाजूने, आपण निमूट भरत राहिलो तर मालकाची सोय अबाधित राहते, हेही मला डावलता येत नाही. या पेचातून सुटण्याची वाट गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून मला सापडलेली नाही.

पुढल्या आठवड्यात आम्ही पुन्हा तेथेच जेवलो. मी वीस टक्के लिहिले. पुतण्याने त्या आकड्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.