मागच्या रांगेतला टाळकरी

एप्रिल सरत आला की गावोगावच्या देवळांच्या भिंतींवर फलक लागतात : वारकरी बालसंस्कार शिबिर. पहाटे काकडा, मग गीतापाठ, दुपारी मृदंग आणि गायन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. राहणं-जेवण तिथंच. असाच एक फलक धाकट्या बहिणीनं मला मोबाइलवर पाठवला आणि मागोमाग फोन केला. "ताई, ह्याला पाठवू का गं? चारचौघांत राहिला म्हणजे जरा सुधारेल."

तिचा मुलगा सोळा वर्षांचा. दहावीची परीक्षा नुकतीच झाली आहे. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जातो. दुकानदारानं सुट्टे कमी दिले तरी मागत नाही, तसाच घरी येतो. आजीशी मात्र तासन्‌तास बोलतो, आणि तिचा बंद पडलेला रेडिओ त्यानंच उघडून चालू केला. अशा मुलात सुधारायचं ते काय? माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात आणि हरिपाठ म्हणण्यात गेलं. लाजणं हा दोष आहे, असं आपल्या धर्मानं कुठं सांगितलंय, हा प्रश्न मला त्या फोननंतर सोडेना.

सांगितलेलं नाही. उलटच आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण आहेत. यादी सुरू होते ती अभयापासून, आणि त्याच यादीत, पुढच्याच श्लोकात, मार्दवाच्या शेजारी लज्जा बसलेली आहे. निर्भय माणूस लाजाळू असू शकतो, नव्हे, पूर्ण माणसात दोन्ही असावं, असं इथं गृहीतच धरलंय. आपण मात्र मुलाला धीट करायचं म्हणजे त्याची लाज घालवायची, असं समजून चालतो. यादीतला एक गुण मिळवण्यासाठी दुसरा खरवडून काढतो.

पण तेराव्या अध्यायापाशी मला थांबावं लागलं. तिथं ज्ञानाची लक्षणं सांगताना एकांताची आवड आणि लोकांच्या गर्दीत मन न रमणं हीही मोजली आहेत. हे वाचून एखादी आई म्हणेल, माझा मुलगा जन्मजात विरक्तच, त्याला कशाला शिबिरात धाडायचं? हे म्हणणं मला मान्य नाही. ज्ञानी माणूस गर्दीत रमत नाही, कारण त्याला तिथं काही मिळवायचं नसतं. माझा भाचा आतल्या खोलीत जातो तो आपण कसे दिसू, काय बोलू, लोक काय म्हणतील या धास्तीनं. पहिल्याचा एकांत त्यानं निवडलेला आहे, दुसऱ्याचा त्याच्यावर लादलेला. त्याला माणसं नकोशी नाहीत. त्याला माणसांच्या नजरा सोसत नाहीत. या भीतीला वैराग्य म्हणणं ही वैराग्याचीही विटंबना आहे आणि मुलावरही अन्याय. लज्जा राहू द्यावी आणि भय जावं, एवढंच आपल्याला हवं आहे. ते कशानं होईल?

आपल्याकडे याचं उत्तर एका मुलीनं देऊन ठेवलंय. ज्ञानेश्वरी नेवाशात १२९० साली पूर्ण झाली. ज्ञानेश्वर माऊलींचा जन्म १२७५चा धरला तर ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते, माझ्या भाच्याहूनही लहान. परंपरा सांगते की लोकांच्या टाकून बोलण्यानं हा मुलगा एकदा इतका दुखावला की झोपडीची ताटी लावून आत बसून राहिला. धाकटी बहीण मुक्ताई दाराबाहेर आली. कुडाचं ते हलकं दार, एका धक्क्यात पडलं असतं. तिनं ते ढकललं नाही. ती बाहेर उभी राहून विनवत राहिली, समजावत राहिली, तुम्ही कोण आहात याची आठवण देत राहिली. ताटीचे अभंग म्हणून ती सगळी विनवणी आजही गायली जाते. आतल्या माणसाचा मान राखून त्याला बाहेर बोलावायचं कसं, हे आईबापांनी आणि शिबिर घेणाऱ्या महाराजांनी तिच्याकडून शिकावं. कडी आतून होती आणि ती आतूनच निघाली.

आता शिबिराकडे येते. मी अशी शिबिरं जवळून पाहिली आहेत, आणि लाजऱ्या मुलाला वारकऱ्यांच्या संगतीइतकी सोपी संगत दुसरी मला माहीत नाही. इतर ठिकाणी पहिल्या दिवशी मुलाला सगळ्यांपुढे उभं करून नाव, गाव, छंद सांगायला लावतात. इथं लहानमोठे सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात. भेटल्यावर बारा वर्षांचं पोर आणि पांढऱ्या दाढीचे बुवा, दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावतात. वाकलेल्या माणसाला कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, हे लाजऱ्या मुलाच्या लगेच ध्यानात येतं.

आणि पावली. सभामंडपात मुलांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात टाळ. टाळाची दोरी बोटांना गुंडाळून धरायची असते. नव्या मुलाच्या बोटाला पहिल्या दिवसांत ती काचते, कधी फोड येतो. मागचा मुलगा पुढच्याच्या पावलांकडे बघत पाय टाकतो. चुकला तरी कुणाला कळत नाही, कारण आवाज सगळ्यांचा एक झालेला असतो. नजर पायांवर, हात टाळावर, तोंडात नाम. आपण कसे दिसतोय हे आठवायला जागाच उरत नाही. तो माणसांत असतो आणि कुणी त्याच्याकडे बघत नसतं. कीर्तनातही बुवा एकटे पुढे, टाळकरी मागे ओळीत. मागे उभं राहणं हा तिथं कमीपणा नाही. टाळकरी थांबले तर कीर्तन थांबतं.

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून हे शिक्षण रीतसर देण्याची वाट पडली. उन्हाळी शिबिरांना गर्दी होते ती चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्याबरोबर एक खोड शिरली आहे. सांगतेच्या दिवशी मांडव, ध्वनिक्षेपक, समोर मोबाइल धरलेले पालक, आणि प्रत्येक मुलानं बोलून दाखवलंच पाहिजे असा आग्रह. एका शिबिरात मी एक मुलगा बघितला. त्याच्या हातात माईक दिला होता आणि तो काही बोलेपर्यंत टाळ्या वाजवत राहायचं ठरलं होतं. तो बोलला नाही. टाळ्या वाजत राहिल्या. पुढच्या वर्षी तो आला नाही, असं तिथल्याच एका बाईंनी मला सांगितलं. पंधरवडाभर त्यानं नामात मिळवलेलं सगळं त्या काही मिनिटांत हिरावून घेतलं गेलं. देवाच्या दारात असं घडावं याचा मला आजही संताप येतो.

म्हणून बहिणीला मी सांगितलं ते असं : पाठव, पण सुधारायला म्हणून पाठवू नकोस. आधी महाराजांना फोन करून विचार, याला मागच्या रांगेत राहू द्याल का, आणि शेवटच्या दिवशी बोलायची सक्ती नाही ना. दोन्हींचं उत्तर सरळ मिळालं नाही तर दुसरं शिबिर बघ. मधेच त्याला परत यावंसं वाटलं तर जाऊन घेऊन ये, आणि घरी त्याबद्दल एक शब्द काढू नकोस. हे सगळं त्याच्या पाठीमागे ठरवू नकोस. त्याच्यासमोर बसून, फलक त्याच्या हातात देऊन विचार. तो नाही म्हणाला तर यंदा पाठवू नकोस. शिबिर पुढच्या वैशाखातही भरणार आहे.