गुप्त भेग
(शास्त्रपाठ : स्तोत्र 19:12, लूक 13:1–5)



कुंपणाची तार हातानें तोडावयाची असतां आपण काय करितों? एकदां वांकविल्यानें ती तुटत नाहीं. तीच जागा मागेंपुढें वांकवीत गेलें म्हणजे धातु थकतो, बारीक भेग पडते, व शेवटीं थोड्याशा जोरानें तार दुभंग होते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतील मुलांसही हें ठाऊक आहे.

अशीच एक भेग 12 ऑक्टोबर 1976 रोजीं मुंबईंत 95 माणसांच्या मरणास कारण झाली. इंडियन एअरलाइन्सचें कॅराव्हेल विमान मद्रासेस जाण्यास उडालें, तोंच त्याचें एक इंजिन फुटलें. इंजिनांत वेगानें फिरणाऱ्या एका चकतीस धातूच्या थकव्यानें भेग पडली होती. चकतीचे तुकडे उडून इंधनाच्या नळ्या तुटल्या, आग लागली, आणि परत उतरूं पाहणारें विमान ताबा सुटून धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलें. कोणी वांचलें नाहीं.

तीं माणसें अधिक पापी होतीं काय? शिलोआमाच्या बुरुजाखालीं 18 जण मेले, त्यांविषयीं असा विचार प्रभूनें साफ नाकारिला, व ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करण्यास सांगितलें. म्हणून आम्ही मृतांचा न्याय करीत नाहीं. त्या चकतीकडे पाहून आपलीच परीक्षा करितों.

अशी भेग एका दिवसांत वाढत नाहीं. सणाच्या दिवशीं घेतलेला एक घोट, मंडळीच्या पेटींतून ‘उद्यां भरूं’ म्हणून उचललेले दहा रुपये, भावाशीं अबोला धरून केलेली प्रार्थना. यांपैकीं एकानें कोणी लगेच पडत नाहीं, म्हणूनच आपण निर्धास्त राहतों. आणि उपदेशकांनो, तुटली ती एकच चकती, पण मेले 95. आमची भेगही आम्हां एकट्यांपुरती राहत नाहीं.

विमानें सांभाळणारे बाहेरचा रंग पाहून थांबत नाहींत. यंत्र उघडून भेग शोधितात. पौलानें करिंथकरांस प्रभुभोजनापूर्वीं आत्मपरीक्षा करावयास लिहिलें. तर येत्या प्रभुभोजनाआधीं ज्याच्याशीं अबोला आहे त्याच्या दारीं आपण जाऊं, घेतलेले पैसे परत ठेवूं.

धातूस स्वतःची भेग बुजवितां येत नाहीं; आपणांसही नाहीं. परंतु यहेज्केलाच्या द्वारें ज्यानें नवें हृदय देण्याचें वचन दिलें, तो देव विश्वासू आहे. आमेन.